शनिवारची फणी

रिक्षावाला काही वाईट बोलला नव्हता. उलट चांगलंच बोलला होता, आणि तेही आपणहून. तरी नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलपाशी प्रतिभाच्या मनाला जे लागलं, ते इंदिरानगरला घराच्या दारात पोचेपर्यंत गेलं नाही. झालं होतं एवढंच, की चर्चमध्ये वाटलेलं मदर ब्रिगिटाचं छापील चित्र तिच्या हातात होतं, मागच्या बाजूला प्रार्थना असलेलं. रिक्षावाल्यानं ते आरशातून पाहिलं आणि विचारलं, "ह्या बाई तुमच्या ओळखीच्या का, मॅडम?" ओळखीच्या काय, त्यांनीच वाढवलं मला, असं प्रतिभा म्हणाली. हे वाक्य ती नेहमीच जरा मान वर करून म्हणायची. रिक्षावाला खूश झाला. "मग तर तुम्ही आमच्या अम्मीच्या बहीणच झाल्या की. मी निजाम. अम्मी माझी पिंपळगावच्या मिशनच्या बोर्डिंगात होती, छोटी होती तेव्हा. गेल्या रमजानमध्ये गेली ती. जायच्या आधी एक गोष्ट सांगून गेली बघा. म्हणली, मदर तिचे केस विंचरायची ना, तेव्हा कानात सांगायची, एवढ्या पोरींत माझी म्हणावी अशी एकच आहे, ती तू. पण कुणाला बोलू नको, बाकीच्यांना वाईट वाटतं. अम्मीनं जिंदगीभर कुणाला नाय सांगितलं. अब्बांना पण नाय. बोला आता!" सिग्नल सुटला. प्रतिभानं हातातलं चित्र उलटं केलं. त्यातला एकूण एक शब्द तिचा होता, मदरनं तिच्या कानात सांगितलेला. तोच क्रम, तेच कुणाला बोलू नको, तेच बाकीच्यांना वाईट वाटतं. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं स्वतःजवळ फक्त हे एकच वाक्य राखून ठेवलं होतं, नवऱ्यालासुद्धा दाखवलं नव्हतं, आणि ते आज एक अनोळखी माणूस रिक्षाच्या हँडलवर बोटं वाजवत सांगत होता.

घरी येऊन तिनं चहा टाकला आणि तो उतू गेला. भारत, तिचा नवरा, सोफ्यावर पेपर वाचत होता. त्यानं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'काही नाही'चा अर्थ नवऱ्यांना कळतो आणि ते पेपरात डोकं घालतात. तिनं ओटा पुसला. पुसताना तिला शनिवार आठवला. पिंपळगाव बसवंतच्या मिशनमध्ये शनिवारी दुपारी पोरींची डोकी बघायची असायची. बाहेरच्या पडवीत सगळ्या पोरी ओळीनं बसायच्या आणि एकेकीला आतल्या छोट्या खोलीत बोलावलं जायचं. दार लोटलेलं असायचं. आत मदर ब्रिगिटा बाकड्यावर बसलेली, गुडघे फाकवून, मांडीवर जुना टॉवेल, शेजारी खोबरेल तेलाची वाटी, त्यात कापूर. पायांशी बसलं की तिचे गुडघे दोन्ही खांद्यांना लागायचे. मोठी, लाल, खरबरीत बोटं होती तिची. टिरोल नावाच्या कुठल्याशा डोंगरी मुलखात ती गाई राखत वाढली होती. चोविसाव्या वर्षी बोटीनं आली आणि पुन्हा गेली नाही. तिकडे आई वारली तेव्हाही नाही. त्या गायराख्या बोटांनी ती बारीक दातांची फणी अशी फिरवायची, की पोर पेंगायला लागायची. मग ती वाकायची. कानाशी तिचा श्वास यायचा, कापराचा आणि पावाचा. आणि ती ते वाक्य म्हणायची. मराठी तिची अखेरपर्यंत अडखळत राहिली, 'त'चा 'ट' व्हायचा, पण हे वाक्य कधी अडखळलं नाही. लहानपणी प्रतिभाला त्याचं कौतुक वाटायचं, माझ्यासाठी मदरनं शुद्ध शिकून घेतलंय म्हणून. आता ओटा पुसता पुसता तिचा हात थांबला. जे वाक्य माणूस पुन्हा पुन्हा म्हणतो तेच अडखळत नाही. इतकं साधं आपल्या लक्षात कसं आलं नाही?

संशय हा टेलिफोन ऑपरेटरचा धंद्याचा रोग आहे, असं ती स्वतःच गमतीनं म्हणायची. नाशिकच्या एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून तिनं उमेदीची सगळी वर्षं काढली होती. बायकोशी गोड बोलून त्याच दमात दुसरा नंबर मागणारे नवरे तिनं ऐकले होते, आणि मरणाची बातमी द्यायच्या आधी भाव विचारून घेणारे भाऊही. माणसाच्या आवाजावर विश्वास ठेवायचा नसतो हे तिला पगारी कामात शिकायला मिळालं. आणि तिचा स्वतःचा आवाज? 'नंबर प्लीज' असं ती दिवसभर सगळ्यांना सारख्याच गोडव्यानं म्हणायची. पिंपळगावचा एक कांद्याचा व्यापारी मात्र समजून बसला, की एवढं गोड ती त्याच्याशीच बोलते. द्राक्षाची आख्खी करंडी त्यानं एक्स्चेंजवर पाठवली. सगळ्या मुलींनी मिळून ती द्राक्षं खाल्ली आणि हसून हसून पुरेवाट झाली. तो माणूस नंतर एकदा स्वतः आला. काउंटरपाशी उभा राहून त्यानं एकामागून एक चार मुलींचा 'नंबर प्लीज' ऐकला आणि तसाच निघून गेला. त्याचं तोंड तिला आता, पंचवीस वर्षांनी, स्पष्ट दिसलं. तेव्हा तिला त्याचं हसू आलं होतं. मदरही हसत असेल का? दार लोटून घेतल्यावर, एक पोर गेली आणि दुसरी यायची असेल तेवढ्या वेळात?

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. पुढचे चार दिवस प्रतिभाला तसंच दिसलं. आधी तिनं स्वतःची समजूत घातली, की निजामची आई आपल्यानंतर आली असेल; आपलं लग्न होऊन जागा रिकामी झाली, मग मदरनं दुसरी धरली. हे तिला चाललं असतं. पण निजाम चाळिशीला टेकलेला होता, म्हणजे त्याची आई तिच्याच वयाची. आणि मग आठवलीच ती. नसीम. पोरींतली एकटी मुसलमान, भुऱ्या केसांची, दाताला दात न लागू देता बोलणारी. ओळीत प्रतिभाच्या पाठीमागेच बसायची. म्हणजे त्याच शनिवारी, त्याच टॉवेलवर, प्रतिभाच्या केसांतलं तेल मदरच्या बोटांना असतानाच. खोलीतून बाहेर आलेली नसीम कशी दिसायची हे आठवायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला. आठवलं ते एवढंच, की प्रत्येक पोर बाहेर यायची ती खाली मान घालून, कुणाकडे न बघता. प्रतिभाही तशीच यायची. तिला वाटायचं, बाकीच्यांना केस ओढल्यामुळे रडू आलेलं असतं.

आणि मदरच्या अंत्ययात्रेचा दिवस. तो तर तिनं इतकी वर्षं चुकीचाच वाचला होता. चौऱ्याऐंशी साल. हायवेवरचे ट्रक थांबवून लोक आले होते, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे. मदरच्या हाताखालून गेलेल्या बायका कुठून कुठून आल्या होत्या, कुणी देवळ्याहून, कुणी पार मालेगावहून. पण एकीनंही दुसरीच्या गळ्यात हात घातला नाही. मयताला आलेल्या बायका असं करतात का कधी? प्रत्येक जण जरा जरा अंतर ठेवून उभी होती, आणि प्रत्येकीचं रडणं असं, की घरची मयत हिचीच, बाकीच्या सगळ्या शेजारपाजारच्या. प्रतिभाला त्यांचा राग आला होता. काय ही ढोंगं, असं ती परतताना भारतला म्हणाली होती. आता ती पलंगाच्या काठावर बसून त्या बायकांचे चेहरे एकेक करून आठवू लागली. त्या सगळ्या तिच्याकडे बघून हेच म्हणत असणार. काय हे ढोंग.

"अहो," तिनं भारतला विचारलं, "मदरनं तुम्हाला माझ्याबद्दल काय सांगितलं होतं, लग्न ठरवताना?" भारत मिशनच्याच शाळेत शिकलेला, पुढे नाशिकरोडला प्रेसमध्ये लागलेला. त्यानं चष्मा काढला. "हेच, की मुलगी चांगली आहे." "आणखी?" "आणखी म्हणाली, सगळ्यात चांगली तुला देतेय." तो हसला आणि सहज म्हणाला, "चंदरला पण तसंच म्हणाली होती म्हणे, त्याच्या लग्नात." चंदर त्याचा वर्गमित्र. आजवर प्रतिभाला ही गोष्ट कुणी सांगितली असती तर तीही हसली असती. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. आपण ज्याला आईचा हात समजत होतो तो वाढप्याचा हात होता, पंगतीत सगळ्यांना सारखं वाढणाऱ्याचा. पंगतीत जेवायला तिची हरकत नव्हती. पण इतकी वर्षं तिला वाटत होतं, की आपण स्वयंपाकघरात बसून जेवलोय.

गुरुवारी तिची साक्ष होती. मदर ब्रिगिटाला संतपद द्यावं की नाही याची चौकशी नाशिकला सुरू झाली होती. इथल्या साक्षी पुढे रोमला जायच्या होत्या. फादर तुस्कानो महिन्यापूर्वी घरी येऊन सगळं समजावून गेले होते. मूळचे वसईचे, किडकिडीत, एक भुवई कायम वर असलेले. "मी मदरच्या बाजूचा माणूस नाही हं," असं त्यांनी दारातच सांगून टाकलं. "मी शंका घ्यायला नेमलेला माणूस आहे. तिचे दोष शोधणं हे माझं काम. खोटं बोलली का, रागीट होती का, अधिकार गाजवायची का. आणि कुणा एकावर जास्त जीव होता का." त्यात दोष काय, असं प्रतिभानं विचारलं होतं. तर म्हणाले, "संन्यासिनीला तो दोषच. जीव लावायचा तर सगळ्यांना सारखा. एकीला जवळ घेतलं की उरलेल्या लांब जातात." आणि त्यांनी दुसरी चकली उचलली. तेव्हा प्रतिभानं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, की विचारलं तर 'नाही' म्हणायचं. आपल्याला सगळं मिळालंय, मदरला संतपद मिळू दे. किती मोठ्या मनानं ठरवलं होतं! आता ते मोठं मन कुठल्या कुठे गेलं. खरं सांगितलं तर मदर खोटारडी ठरत होती. 'माझ्यावर होता' म्हटलं तर आपणच खोटं बोलल्यासारखं होणार होतं. आणि 'सगळ्यांवर सारखाच' म्हटलं, तर ते इतकं खरं होतं की तिच्या तोंडून निघालंच नसतं. त्या शब्दांनी ती कायमची पोरकी होणार होती. चार वर्षांची असताना झाली तशी नव्हे. तेव्हा काही कळत नव्हतं.

गुरुवारी ती वेळेआधीच पोचली. चर्चच्या मागे एक लांबट व्हरांडा होता, तिथं बाक. बाकावर एक बाई आधीच बसलेली होती. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, पायाशी पिशवीत झेंडूची फुलं. वयानं प्रतिभापेक्षा बरीच लहान. तिनं सरकून जागा दिली आणि आपणहून सांगितलं, की ती नवसाबाई, पिंपळगावच्या अलीकडे मळा हाय, झेंडू-शेवंती लावत्यात. "फुलं आनली व्हती मदरच्या फोटोला. तर फादर म्हनले, अजून वाहायची नाय. रोमवाले म्हनतील तवाच. देवाला बी परवानगी लागती म्हना की!" ती हसली. प्रतिभाही हसली. तुम्ही मिशनमध्ये कशा, असं तिनं विचारलं. आई-बाप कॉलऱ्यात गेले, चुलत्यानं आणून सोडलं, मदरनं वाढवलं आणि मदरनंच आमच्या जातीतला नवरा बघून लगीन लावलं, असं नवसाबाई म्हणाली. "देव बदलाया नाय लावला. म्हनली, तुला जो ऐकू येतो त्यालाच हाक मार." मग ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. प्रतिभाला ती तऱ्हा ओळखीची वाटली. एक्स्चेंजच्या काउंटरवर फोन करायला आलेली माणसं महत्त्वाचं बोलायच्या आधी असंच करायची. फोनची तार बोटाला गुंडाळायची.

"ताई, येक इचारू? राग नका धरू."

"विचार ना."

"तुमी बी तिच्याच हाताखालच्या. शनवारी डोकं बघायची ना तुमचं बी?" प्रतिभानं मान हलवली. नवसाबाई आणखी जवळ सरकली. तिच्या अंगाला झेंडूचा उग्र वास येत होता. "तवा तुमाला कवा काय बोलली का वो? येगळं? म्हंजी, कानात?"

प्रतिभानं तिच्याकडे पाहिलं. चार दिवस रोज आरशात जे डोळे दिसत होते तेच इथं दुसऱ्या तोंडावर होते. हिलाही कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं, किंवा हिनंही कुठल्या बाईला नको तेवढं रडताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून हिची झोप उडाली होती. 'हो' म्हटलं तर? दोघी मिळून रडता आलं असतं. दोघी मिळून त्या म्हातारीला शिव्या घालता आल्या असत्या. निदान दुःखाला सोबत झाली असती. प्रतिभाला ती सोबत फार हवी होती. तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बाईचा खालचा ओठ थरथरताना तिला दिसला.

"नाही गं," ती म्हणाली. "मला नाही कधी काही."

"खरं?"

"खरंच. फणी फिरवायची, उवा काढायची आणि म्हणायची, चला, पुढची."

नवसाबाईनं इतका मोठा श्वास सोडला, की तिच्या पायाशी असलेली पिशवी कलंडली. ती सावरायचंही तिला भान नव्हतं. तिच्या तोंडावर जे पसरलं ते बघून प्रतिभाचे डोळे भरले. लगेच नवसाबाईला तिची दया आली. तिनं आपला मातीनं भेगाळलेला हात प्रतिभाच्या हातावर ठेवला आणि थोपटलं. "वाईट नका वाटून घिऊ, ताई. माया समद्यांवर व्हती तिची. पर..." ती थांबली. "पर काय?" "काय नाय." तो 'पर' प्रतिभाला चांगला ठाऊक होता. मदरचं सगळ्यांवर प्रेम होतं, असं ती जन्मभर लोकांना सांगत आली होती, आणि प्रत्येक वेळी त्या वाक्याच्या शेवटी तिच्या मनात हाच 'पण' बसलेला असायचा, मखमलीच्या डबीतल्या दागिन्यासारखा. आता तो दुसरीच्या डबीत होता आणि दुसरी तिची कीव करत होती. गंमत म्हणजे, प्रतिभाला त्याचा राग येईना. आत्ता ज्या क्षणी तिनं 'नाही गं' म्हटलं, त्या क्षणी ती खोटं बोलत होती हे तर उघडच होतं. पण त्या क्षणी तिला नसीम आठवत नव्हती, निजाम आठवत नव्हता, स्वतःचं दुखणंही आठवत नव्हतं. सगळ्या जगात ही एकच बाई होती आणि हिला रडू द्यायचं नव्हतं. त्यात हिशेब कुठं होता? त्यात वाढप्याचा हात कुठं होता? गायराखी म्हातारी दार लोटून घ्यायची तेव्हा खोलीत दोनच माणसं असायची. तिसरीचं नावही तिला तेव्हा आठवत नसेल. ती ढोंगी होती असं प्रतिभाला आता म्हणवेना, आणि खरी होती असंही छातीठोकपणे सांगवेना. एवढंच, की चार दिवसांत पहिल्यांदा तिनं संशय धरून ठेवला नाही. हातावरचा नवसाबाईचा हात गरम होता, आणि तो तिनं तसाच राहू दिला.

आतून प्रतिभाच्या नावाची हाक आली.

खोलीत टेबलापलीकडे फादर तुस्कानो होते, शेजारी एक पिकलेल्या केसांचे फादर, आणि कोपऱ्यात टाइपरायटरवर एक सिस्टर. बायबलवर हात ठेवून प्रतिभानं शपथ घेतली. पुढं बराच वेळ साधेसुधे प्रश्न झाले. मदर प्रार्थना चुकवायची का, चिडायची का, पाहुण्यांना वेगळं जेवण असायचं का. मदरनं एकदा चिडून बादली फेकली होती, ते तिनं सांगितलं; टाइपरायटर वाजला. फादर तुस्कानो म्हणाले, "घाबरू नका. एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावर आम्ही काही खरं धरत नाही. दोघांचं जुळलं पाहिजे, तरच ते कागदावर ठरतं." मग त्यांनी भुवई आणखी वर नेली. "आता सांगा. मदर ब्रिगिटाचा कुणा एकीवर बाकीच्यांपेक्षा जास्त जीव होता का?"

बाहेर व्हरांड्यात बाक करकरल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती बाई इथं येणार होती, हाच प्रश्न तिला विचारला जाणार होता, आणि इतकी वर्षं जपलेलं ती कुंकवाखाली घाम पुसत, लाजत सांगणार होती. आणि समोरचा हा शंकेखोर माणूस ते एकटीचं म्हणून बाजूला ठेवणार होता. वेडी आशा, असं तो मनात म्हणेल. तोंडावर म्हणणार नाही, पण भुवईनं म्हणेल. संतपदात एवढ्यानं अडचण आली तर येऊ दे, प्रतिभाच्या मनात आलं. आईला एक पोर जास्त आवडली, एवढा दोष म्हातारीनं सोसावा. स्वर्गात काही कमी पडणार नाही तिला.

"होता," ती म्हणाली.

टाइपरायटर थांबला. "कुणावर?"

"बाहेर नवसाबाई बसलीय. तिच्यावर."

फादर तुस्कानोंनी समोरचे कागद चाळले, मग शेजारच्या म्हाताऱ्या फादरांकडे पाहिलं. "आजवर ज्या साक्षी झाल्या त्यात..." असं म्हणून त्यांनी जीभ आवरली; साक्षी गुप्त असतात. त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. शंका घेणाऱ्याला शंका घेणारा ओळखतो, तसं. "तुमच्यावर नाही?"

"नाही."

"शपथ घेतलीय तुम्ही."

"हो. लग्नानंतर मी दर नाताळला जायचे पिंपळगावला. दोघींना बघितलंय मी. तिच्यासारखं मदर कुणालाच जवळ घेत नव्हती." बायबलवर ठेवलेला हात तिनं पदराखाली घेतला.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल तेव्हा," फादर म्हणाले. हा प्रश्न त्यांच्या यादीतला नसावा. आवाज जरा खाली आला होता.

"खूप वाटलं," प्रतिभा म्हणाली, आणि ते इतकं खरं होतं की तिला पुढं बोलता येईना. सिस्टरनं पाण्याचा पेला पुढं केला. ती प्यायली, तोंड पुसलं. "तेही लिहा फादर. आणि तिला आत बोलवा आता. केव्हाची बसलीय बिचारी."